नकाराचे दोन अंक

रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईंचे कार्ड मशीनने नाकारले. काउंटरवरच्या मुलाने काही न बोलता ते काढले, बाहीला पुसले आणि पुन्हा घातले. बाईंनी हाताचा आडोसा करून पुन्हा पिन दाबला. पडद्यावरची गोल खूण काही क्षण फिरत राहिली आणि पुन्हा तीच ओळ उमटली : व्यवहार नाकारला. पाठोपाठ मशीनने कागदाची एक पट्टी बाहेर सोडली, तिच्यावरही तेवढेच छापलेले होते. “दुसरं कार्ड आहे का?” मुलाने विचारले. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, पण रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतका तो मोठा होता. बाईंनी पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखे केले आणि मग कोणाकडेही न पाहता त्या म्हणाल्या, “पैसे आहेत हो खात्यात.” घेतलेल्या वस्तू तशाच ठेवून त्या निघून गेल्या. मुलाने त्या वस्तू बाजूला सरकवल्या, माझा व्यवहार दोन-तीन सेकंदांत मंजूर झाला आणि मीही बाहेर पडलो.

ते वाक्य मात्र माझ्याबरोबर आले. त्या बाईंवर कोणी संशय घेतला नव्हता, निदान बोलून दाखवला नव्हता. तरीही स्वतःच्या खात्याची ग्वाही आपणच द्यावी असे त्यांना वाटले, कारण मशीन ‘नाही’ म्हणाले की ऐकणारे सगळे एकच गोष्ट गृहीत धरतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. कार्ड नाकारले जाण्याची कारणे डझनावारी आहेत आणि खात्यात पैसे नसणे हे त्यांतले केवळ एक आहे. पण कारण सांगितलेच जात नाही, तेव्हा त्या मोकळ्या जागेत माणसे सर्वांत लाजिरवाणे कारण आपल्या मनाने भरून टाकतात. तो नकार नेमका कोठून आला असेल, कोणी दिला असेल, आणि देणाऱ्याला जे कळले होते ते काउंटरपर्यंत का पोहोचले नसेल, या प्रश्नांनी मला बरेच दिवस सोडले नाही.

कार्डावरची सोनेरी चिप ही माहितीची नुसती साठवण नव्हे. तो एक लहानसा संगणक आहे आणि मशीनकडून वीज मिळताच तो जागा होतो. मशीन त्याला रक्कम, चलन, तारीख आणि त्या क्षणी निवडलेली एक अनपेक्षित संख्या सांगते. चिपच्या आत एक गुप्त किल्ली असते. ती चिपबाहेर कधी येत नाही आणि कार्ड देणाऱ्या बँकेखेरीज कोणाला तिचा पत्ता नसतो. या किल्लीच्या आधारे, सांगितलेली रक्कम, ती अनपेक्षित संख्या आणि चिपने स्वतः जपलेला व्यवहारांचा चढता क्रमांक यांवर गणित करून चिप एक सांकेतिक शिक्का तयार करते. तो शिक्का त्या एकाच व्यवहारापुरता खरा असतो. वाटेत कोणी तो टिपून घेतला, तरी पुढच्या व्यवहाराला तो चालत नाही. जुन्या चुंबकीय पट्टीवर हे संरक्षण नव्हते. पट्टी प्रत्येक वेळी तीच माहिती सांगत असे आणि ज्याने ती एकदा वाचून घेतली त्याला हुबेहूब दुसरी पट्टी बनवता येत असे. युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा यांनी १९९०च्या दशकात एकत्र येऊन चिपसाठी जे सामायिक नियम लिहिले, ते त्या तिघांच्या आद्याक्षरांवरून ईएमव्ही या नावाने ओळखले जातात. या नियमांतली एक तरतूद मला विलक्षण वाटते. चिपला स्वतःचे मत असते. मशीनने विचारल्यावर ती तीनपैकी एक उत्तर देऊ शकते : मी माझ्या अधिकारात मंजूर करते, हे बँकेला विचारावे लागेल, किंवा नाही. म्हणजे क्वचित प्रसंगी बँकेपर्यंत प्रश्न जाण्याआधीच, बोटांच्या चिमटीत धरलेल्या त्या प्लास्टिकच्या तुकड्यातूनच नकार येऊ शकतो.

बहुतेक वेळा चिपचे उत्तर ‘बँकेला विचारा’ असेच असते. मग मशीन एक संदेश रचते. त्याची भाषा आयएसओ ८५८३ या मानकाने ठरवून दिली आहे. हे मानक १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झाले आणि आज त्यात कितीही भर पडली असली तरी जगभरच्या कार्ड-व्यवहारांचा बराच मोठा भाग अजून याच भाषेत बोलतो. मंजुरीची विनंती असेल तर संदेशाच्या आरंभी ०१०० हे चार अंक असतात आणि तिच्या उत्तराच्या आरंभी ०११०. त्यानंतर शून्य आणि एक यांची चौसष्ट घरांची एक ओळ येते. ती शाळेतल्या हजेरीपटासारखी असते : ज्या घरात एक आहे त्या क्रमांकाची माहिती पुढे हजर आहे, ज्या घरात शून्य आहे ती गैरहजर. दुसऱ्या क्रमांकावर कार्डाचा नंबर, चौथ्यावर रक्कम, आणि असेच पुढे. एवढ्या काटेकोर, एवढ्या कंजूष भाषेत कोणाची लाज, कोणाची घाई, कोणाचे आजारपण यांना जागा असणार नाही हे उघडच आहे. तरीही तिची शिस्त पाहून मला आदरच वाटतो, कारण जिथे प्रत्येक अक्षर महाग होते त्या काळात ती घडली आणि आजही ती चालते.

हा संदेश आधी दुकानदाराच्या बँकेकडे जातो. तिथला संगणक कार्डाच्या नंबरातले सुरुवातीचे अंक पाहतो आणि हे कार्ड कोणाचे, ते ओळखतो. चारने सुरू होणारा नंबर व्हिसाच्या जाळ्यातला, एकावन्न ते पंचावन्नने सुरू होणारा मास्टरकार्डच्या, चौतीस किंवा सदतीसने सुरू होणारा अमेरिकन एक्सप्रेसचा. नंबरातला शेवटचा अंक हा ताळ्याचा असतो. आयबीएममध्ये काम करणाऱ्या हान्स पीटर लून यांनी तो शोधला आणि १९६० साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. उजवीकडून एक सोडून एक अंक दुप्पट करायचा, दुप्पट दोन अंकी झाली तर तिच्या अंकांची बेरीज घ्यायची, सगळे मिळवायचे आणि बेरजेला दहाने नि:शेष भाग जातो का ते पाहायचे, एवढेच ते गणित आहे. एखादा अंक चुकला तर ते हमखास पकडते, शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडते. फक्त शून्य आणि नऊ यांची अदलाबदल त्याच्या नजरेतून सुटते. कागद-पेन्सिल घेऊन मी माझ्या कार्डावर हा ताळा करून पाहिला आहे, आणि बेरीज दहाच्या पटीत आल्यावर जो आनंद झाला तो शाळेत गणित सुटल्यावर होत असे त्याच जातीचा होता.

तेथून संदेश कार्डाच्या जाळ्यात शिरतो आणि अखेर कार्ड देणाऱ्या बँकेच्या संगणकासमोर येऊन थांबतो. निर्णय घेण्याचा अधिकार खऱ्या अर्थाने इथेच आहे. कार्ड चालू आहे का, त्याची मुदत संपली का, हरवल्याची तक्रार आहे का, चिपचा शिक्का जुळतो का, व्यवहारांचा क्रमांक मागचाच तर नाही ना, आजची मर्यादा ओलांडली गेली आहे का, शिल्लक पुरेशी आहे का, असे प्रश्न एकामागून एक विचारले जातात. पिन काही ठिकाणी चिप स्वतःच तपासते; जिथे तो बँकेकडे पाठवला जातो तिथे तो किल्लीबंद होऊनच प्रवास करतो आणि बँकेतसुद्धा एका मोहोरबंद उपकरणाच्या आतच जुळवून पाहिला जातो. त्या उपकरणाशी कोणी छेडछाड केली तर ते आपल्या किल्ल्या पुसून टाकते. बँकेतल्या कोणत्याही माणसाला माझा पिन वाचता येऊ नये, यासाठी घेतलेली ही काळजी आहे. हे सगळे झाले की उत्तर निघते, आणि ते उत्तर म्हणजे एकोणचाळिसाव्या क्रमांकावरचे दोन अंक. होकार असेल तर ००, आणि त्याच्या जोडीला सहा खुणांचा मंजुरी क्रमांक. त्याच वेळी बँक चिपसाठीही आपला शिक्का पाठवू शकते, म्हणजे उत्तर खरोखर आपल्याच बँकेचे आहे याची खात्री चिपला करून घेता येते. दोघांनी एकमेकांना ओळखल्याचा हा क्षण कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. मशीन तेवढ्यात ‘मंजूर’ म्हणून मोकळे झालेले असते.

या होकारात एकही पैसा जागचा हललेला नसतो.

हे कळले तेव्हा मला थोडा धक्काच बसला होता. आपण काउंटरवर ‘पैसे दिले’ म्हणतो, मोबाइलवर ‘पैसे कट झाले’ असा संदेश येतो, पण ज्याला ऑथरायझेशन म्हणतात तो केवळ शब्द असतो. कार्ड देणारी बँक दुकानदाराच्या बँकेला शब्द देते की ही रक्कम मी बाजूला काढून ठेवली आहे, मागायला याल तेव्हा मिळेल. प्रत्यक्ष मागणी पुढे होते, बहुधा दिवसअखेर, दुकानातल्या सगळ्या व्यवहारांचा गठ्ठा पाठवला जातो तेव्हा. आणि बँकाबँकांमधली देवघेव त्याहीनंतर. काही डेबिट-व्यवहारांत आणि एटीएममध्ये एकाच संदेशात दोन्ही कामे उरकतात, पण मोठ्या संख्येने व्यवहार या दोन टप्प्यांनीच पुढे जातात. मधल्या काळात ती रक्कम आपल्या खात्यात असते आणि नसतेही. हॉटेलात खोली घेताना, भाड्याची गाडी नेताना किंवा माणूस नसलेल्या पेट्रोल पंपावर कार्ड लावताना अंतिम रक्कम कोणालाच माहीत नसते, म्हणून अंदाजाने काही रक्कम अडवली जाते आणि खरे बिल झाल्यावर उरलेली सोडली जाते. सोडली जायला कधी काही तास लागतात, कधी काही दिवस.

क्रेडिट कार्डावर अशी रक्कम अडली तर बँकेने देऊ केलेल्या उधारीतला एक कोपरा अडतो. डेबिट कार्डावर अडते ती माणसाची स्वतःची मिळकत. बाहेरून पाहता ही दोन्ही कार्डे एकाच मापाची, ८५.६० मिलिमीटर लांब आणि ५३.९८ मिलिमीटर रुंद, एकाच मशीनमध्ये जाणारी, एकाच भाषेत बोलणारी. पण ज्याच्या खात्यात महिनाअखेरीला मोजकेच पैसे उरतात त्याच्यासाठी या फरकाचा अर्थ फार मोठा आहे. त्यातही वाईट प्रसंग असा : बँकेने होकार दिला, रक्कम अडवली, आणि उत्तर परत येताना मध्येच संपर्क तुटला. मशीनला काहीच कळले नाही, त्याने ‘व्यवहार अयशस्वी’ म्हटले. दुकानदाराला पैसे नाहीत, ग्राहकाला वस्तू नाही, आणि खात्यातली रक्कम मात्र कमी दिसते आहे. यासाठी उलट संदेशाची सोय आहे. त्याचे अंक ०४०० किंवा ०४२०. ‘मघाचे विसरा, अडवलेले सोडा’ एवढेच तो सांगतो, आणि पोहोचल्याची पोच मिळेपर्यंत तो पुन्हा पुन्हा पाठवला जावा अशी अपेक्षा असते. तो पोहोचला तर रक्कम मोकळी होते. तो कुठे हरवला तर बँकेने ठरवलेली मुदत संपेपर्यंत वाट पाहावी लागते. आता कल्पना करावी की त्या मुदतीत तोच माणूस दुसऱ्या काउंटरवर उभा आहे, शिल्लक पुरत नाही म्हणून त्याला नकार मिळतो आहे, आणि तो सांगतो आहे की पैसे आहेत. तो पूर्ण खरे बोलत असतो.

माझा एक मित्र काही वर्षे एका बँकेच्या कार्ड विभागात रात्रपाळी करत असे. त्याच्याकडे जेवणाच्या सुट्टीत गप्पा मारायला गेलो असताना त्याने मला पडद्यावरून सरकणाऱ्या ओळी दाखवल्या होत्या. खोली थंडगार होती, यंत्रांचा एकसुरी घुमारा होता, आणि काळ्या पडद्यावर प्रत्येक ओळीच्या शेवटी ते दोन अंक. ००, ००, ००, ५१, ००, ००, ५५, ००. त्याने एका वहीच्या पुठ्ठ्यावर यादी चिकटवली होती, पण त्याला ती पाठच होती : ५१ म्हणजे शिल्लक अपुरी, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपलेली, ५५ म्हणजे पिन चुकला, १४ म्हणजे कार्डाचा नंबरच खोटा, ४१ म्हणजे हरवलेले कार्ड, ४३ म्हणजे चोरीचे, ९१ म्हणजे बँक किंवा मधला दुवा उत्तर देण्याच्या स्थितीत नाही. तो सांगत होता आणि मी त्या सरकत्या ओळींकडे पाहत होतो. प्रत्येक ५१च्या मागे कोणीतरी त्या क्षणी कुठेतरी रिकाम्या हाताने उभे असणार, हा विचार माझ्या मनात आला आणि गेला नाही. माझ्या मित्राला तो रोज येत असावा, कारण तो ५१ आला की क्षणभर बोलायचा थांबत असे.

आणि मग ०५. त्या यादीतला सर्वांत जास्त दिसणारा नकार, असे तो म्हणाला. याचा अर्थ एवढाच की व्यवहार मान्य करू नये. का, ते लिहिलेले नसते. बँकेला कारण माहीत असते, पण ती ते ओठांवर आणत नाही, आणि अनेक बँका वेगवेगळी कारणे या एकाच अंकाखाली झाकतात. झाकण्यामागे विचार आहे. चोरलेल्या कार्डाने कोणी खरेदी करू पाहत असेल तर ‘आम्हाला तुझा संशय आला आहे’ असे त्याला सांगणे म्हणजे सावध करणे. ‘मर्यादा ओलांडली’ असे सांगितले तर तो लहान रक्कम टाकून पुन्हा प्रयत्न करील. ‘मुदतीची तारीख चुकली’ असे सांगितले तर तो दुसरी तारीख टाकून पाहील. दुसरीकडे, मशीनच्या पडद्यावर ‘शिल्लक अपुरी’ असे ठळक अक्षरांत आले तर एका माणसाची गरिबी अनोळखी लोकांपुढे वाचून दाखवली जाते. त्यामुळे पिन चुकला असेल तर तेवढे बहुतेक मशीन सांगतात, काही मशीन पट्टीवर कोडही छापतात. एरवी ‘नाकारले’ या एका शब्दावर सगळे थांबते.

या मौनाचा फायदा मी स्वतः घेतलेला आहे. माझ्या कार्डाचा नंबर कुठून तरी बाहेर गेला होता आणि मी जिथे कधी पाऊल ठेवलेले नाही अशा देशात, मी झोपेत असताना, कोणीतरी त्यावर खरेदी करून पाहत होते. बँकेने सगळे प्रयत्न नाकारले. सकाळी मला कळले तेव्हा त्या न पाहिलेल्या, न बोलणाऱ्या यंत्रणेबद्दल जी कृतज्ञता वाटली ती खरी होती. हे निर्णय घेणारी गणिते १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून बँकांत रुजली. एचएनसी या कंपनीने १९९२ साली आणलेल्या फाल्कन या प्रणालीने कार्डधारकाच्या सवयींचा साचा धरून प्रत्येक नव्या व्यवहाराला गुण देण्याची पद्धत बँकांपर्यंत नेली. माणूस एरवी किती खर्च करतो, कोणत्या वेळी, कोणत्या प्रकारच्या दुकानात, मागचा व्यवहार कुठे झाला आणि तेथून इथे इतक्या वेळात येणे शक्य आहे का, हे सगळे त्या गुणांत मिसळते. गुण ठरलेल्या रेषेपलीकडे गेला की नकार. पण माणसे नेहमीच्या सवयी मोडतात ती बहुतेक वेळा त्यांच्यावर काही प्रसंग आलेला असतो म्हणून. रात्री अवेळी रुग्णालयात भरायची मोठी रक्कम, अनोळखी शहरात अचानक काढावे लागलेले तिकीट, बऱ्याच वर्षांनी केलेली एखादी मोठी खरेदी : गणिताला यांत आणि चोरीत फरक दिसणे कठीण आहे. ज्या रात्री माणसाला कार्डाची सर्वांत जास्त गरज असते, त्याच रात्री त्याच्यावर संशय घेतला जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. माझा चोर ज्या जाळीत अडकला त्याच जाळीत कोणीतरी निरपराध रोज अडकत असणार, आणि दोघांना उत्तर एकच मिळते.

पूर्वी नकाराला निदान आवाज होता. माझ्या लहानपणी एका काउंटरवर मी ते लोखंडी यंत्र पाहिलेले आहे, ज्यात कार्ड आडवे ठेवून वर कार्बनची पावती घालत आणि मूठ धरून पट्टा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जोराने ओढत. खर्र-खट् असा आवाज होई आणि कार्डावरचे उठावाचे आकडे पावतीच्या सगळ्या प्रतींवर निळसर उमटत. कार्बनचा तो किंचित तेलकट वास अजून नाकात आहे. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० लोकांना न मागता कार्डे पाठवली, तेव्हापासून पुढे बरीच वर्षे मंजुरी म्हणजे टेलिफोन. ठरावीक रकमेच्या खालचा व्यवहार दुकानदार स्वतःच्या अधिकारात करी. फार तर चोरीच्या कार्डांची छापील यादी काढून त्यावरून बोट फिरवी. त्या रकमेच्या वरचा व्यवहार असेल तर तो बँकेला फोन लावी, पलीकडचा माणूस नोंदी उलगडून पाही, आणि ग्राहक तोवर उभा राही. रात्री किंवा सुटीच्या दिवशी पलीकडे फोन उचलायला कोणी नसले तर प्रश्नच मिटला. १९७३ साली नॅशनल बँकअमेरिकार्ड या संस्थेने, जी तीन वर्षांनी व्हिसा झाली, डी हॉक यांच्या नेतृत्वाखाली संगणकांचे देशव्यापी जाळे सुरू केले आणि मिनिटांची वाट सेकंदांवर आणण्याची सुरुवात झाली. त्या काळाचा मोह मला नाही. ती पद्धत संथ होती, गळकी होती, आणि फोनवरचा माणूस आपले पूर्वग्रह घेऊनच बसलेला असणार. तरी तिच्यात एक गोष्ट होती. शंका आली तर बँकेचा माणूस म्हणू शकत असे, ‘त्यांना फोन द्या’. मग तो कार्डधारकाशी बोले, काही विचारी, ऐकून घेई. दोन अंकांच्या यादीत ०१ हा अंक त्याचा उरलेला अवशेष आहे : कार्ड देणाऱ्या बँकेशी संपर्क साधा. विक्रेत्यांना शिकवलेला एक शब्दप्रयोगही याच काळातला. ग्राहकाबद्दल संशय असेल तर विक्रेता फोनवर ‘कोड टेन’ मंजुरी मागे, आणि पलीकडचा माणूस लगेच हो किंवा नाही एवढ्यावर भागतील असेच प्रश्न विचारू लागे, म्हणजे समोरच्या माणसाला काही कळू नये आणि त्याचा उगाच पाणउताराही होऊ नये. संशय घ्यायचा, पण तो चारचौघांत नाही, ही समज त्यात होती.

९१ या अंकाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले आहे. यात ग्राहकाची, त्याच्या खात्याची, त्याच्या कार्डाची काहीच चूक नसते. बँकेचा संगणक बंद आहे किंवा वाटेतला दुवा तुटला आहे. कार्डाची जाळी अशा वेळी बँकेच्या वतीने उत्तर देण्याची सोय ठेवतात. बँकेने आधीच आखून दिलेल्या मर्यादेत जाळेच होकार देते आणि बँक पुन्हा सुरू झाल्यावर तिला कळवते. पण ती सोय प्रत्येक बँकेची, प्रत्येक प्रकारच्या व्यवहाराला लागू असेलच असे नाही, आणि नसेल तेव्हा तोच ‘नाकारले’ हा शब्द पडद्यावर येतो. बँकेची आपत्ती ग्राहकाच्या कपाळावर लिहिली जाते. इथे तर लपवण्यासारखेही काही नाही : चोराला त्यातून काही शिकता येत नाही आणि कोणाची शिल्लक उघडी पडत नाही. ‘तुमच्या बँकेकडून उत्तर येत नाही’ एवढे पाच शब्द मशीनने दाखवले आणि विक्रेत्याने ते मोठ्याने वाचले, तर रांगेतल्या दहा माणसांच्या मनातले चित्र बदलते. ते दाखवले जात नसेल तर ते केवळ कोणाला सुचले नाही म्हणून, असे मला वाटते, आणि हे न सुचणे मला क्षम्य वाटत नाही.

उरलेल्या नकारांबद्दल माझे मत बराच काळ डळमळत होते. कारण सांगावे तर चोराला आणि रांगेला कळते, न सांगावे तर खऱ्या माणसालाही कळत नाही. पण हा पेच काउंटर हीच बोलण्याची एकमेव जागा होती तेव्हाचा आहे. आता कार्डधारकाच्या हातात त्याचा स्वतःचा फोन असतो, बँकेला त्याचा नंबर ठाऊक असतो, आणि पैसे अडवले गेल्याचा संदेश बँक त्यावर क्षणात पाठवतेच. नकाराचे कारण ज्याचे आहे त्याच्याच हातात, दुसऱ्या कोणाला न दिसता पोहोचू शकते. काही बँका हे करू लागल्या आहेत. मर्यादा ओलांडली असेल तर तसे कळवतात, संशय असेल तर ‘हा व्यवहार तुम्हीच करत आहात का’ असे विचारतात आणि ‘हो’ म्हटल्यावर पुढचा प्रयत्न जाऊ देतात. जिथे हे होते तिथे माणूस मान वर करून पुन्हा कार्ड लावतो. जिथे होत नाही तिथे तो ग्राहक-सेवेच्या फोनवर संगीत ऐकत थांबतो, आणि तोवर मागची रांग पुढे सरकलेली असते.

अलीकडच्या वर्षांत कार्डाच्या जाळ्यांनी ०५च्या मौनावर बोट ठेवले आहे आणि बँकांनी शक्य तिथे नेमका अंक द्यावा असा आग्रह धरला आहे. व्हिसाने नकारांची वर्गवारी केली : जे कधीच मंजूर होणार नाहीत, जे आत्ता होणार नाहीत पण नंतर होऊ शकतील, आणि ज्यांत पाठवलेली माहितीच चुकली आहे. मास्टरकार्डच्या उत्तरात विक्रेत्यासाठी सल्ल्याचा वेगळा अंक येतो. त्यात ‘पुन्हा प्रयत्न करू नका’ असा अंक आहे, आणि ‘एका तासाने करा’, ‘चोवीस तासांनी करा’, ‘दोन दिवसांनी करा’ असेही वेगवेगळे अंक आहेत. हे सगळे मुख्यतः दर महिन्याला आपोआप पैसे घेणाऱ्या ऑनलाइन सेवांसाठी आखलेले आहे, कारण नकार आल्यावर त्यांचे संगणक आंधळेपणाने पुन्हा पुन्हा विचारत राहत आणि त्याचा भार जाळ्यावर पडत असे. म्हणजे आता एखाद्या विक्रेत्याच्या संगणकाला कळते की हा नकार कायमचा नाही, उद्या या. हाच मजकूर, याच क्षणी, ज्याचे कार्ड आहे त्याच्या फोनवर पाठवायला नवे तंत्र लागत नाही, नवे मानक लागत नाही. मंजुरीचा संदेश ज्या यंत्रणेतून निघतो तिलाच नकाराच्या वेळीही एक ओळ लिहायला सांगावे लागेल, आणि ते सांगण्याचा अधिकार पूर्णपणे कार्ड देणाऱ्या बँकेचा आहे.